नख्लेची पांढरी वाइन

आमच्या नातीचा, थुरय्याचा बाप्तिस्मा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी माझ्या नवऱ्यानं, नख्लेनं, अरक सोडला, म्हणजे आमच्याकडे घरोघर गाळतात ती द्राक्षाची दारू. जून महिना होता. चर्चमधून आम्ही घरी आलो होतो. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं लागली होती आणि पोर या हातातून त्या हातात फिरत होती. पाद्रीबाबांनी तिच्या कपाळाला, छातीला, तळव्यांना मायरूनचं पवित्र तेल लावलं होतं. ते तीन दिवस धुवायचं नसतं. म्हणून जो तो तिच्या टोपीशी नाक नेऊन वास घेत होता आणि डोळे मिटून "अल्ला!" म्हणत होता; आमच्या भाषेत ख्रिस्ती माणूसही देवाला अल्लाच म्हणतो.

"अबू हबीब, आता आजोबांची पाळी," सुनेचा बाप बुत्रोस नख्लेला म्हणाला. आमचा मुलगा हबीब, म्हणून सगळे नख्लेला अबू हबीब आणि मला उम्म हबीब म्हणतात.

नख्लेनं पोरीला घेतलं. टोपीत नाक खुपसलं. बराच वेळ तसाच राहिला.

"काय रे, झोपलास की काय?" आमचा शेजारी अबू जुर्जी ओरडला.

"स्वर्ग आहे, स्वर्ग," नख्ले म्हणाला आणि त्यानं पोरीला माझ्याकडे दिलं. देताना माझ्याकडे बघितलं नाही.

खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. एप्रिलमध्ये जो ताप साऱ्या जगाला येत होता, तो नख्लेलाही आला. ताप उतरला, खोकला गेला, पण नाक परत आलं नाही. एकदा चुलीवर दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या घरात वास भरला, आणि हा शेजारीच बसून जोड्याला नाडी घालत होता. मी धावत आले तेव्हा म्हणाला, "काय झालं?"

माझा नवरा कल्हईवाला. झहलेत आणि आसपासच्या गावांत अरकाच्या भट्टीची तांब्याची भांडी दर वर्षी आतून कल्हई करून घ्यावी लागतात. ते काम त्याचं. पण आमच्या आळीत त्याची किंमत होती ती नाकामुळे. भट्टी लागली की पहिली धार विषारी असते, ती फेकायची. कुठपर्यंत फेकायची आणि कुठून धरायची, हे नख्ले सांगायचा. नळीखाली तळहात धरायचा, दोन थेंब घ्यायचा, हातावर हात चोळायचा आणि वास घ्यायचा. बत्तीस वर्षं अकरा घरांची भट्टी त्याच्या एका शब्दावर चालली. मी लहान असताना खालच्या आळीतल्या एका घरानं घाई केली होती. त्या घरातला मोठा मुलगा आंधळा झाला. काठी टेकत बाजारात यायचा, मी त्याला पाहिलेलं आहे.

त्या दिवशी जेवणाला बुत्रोस आपल्या गाडीतून दोन खोकी घेऊन आला होता. ती बत्रूनची माणसं. समुद्राकाठी राहतात, मासळी खातात, आणि मासळीबरोबर पांढरी वाइन पितात. आमच्या पुरुषांनी बाटली उन्हात धरून बघितली.

"हे काय, दवाखान्यात तपासायला द्यायचंय का?" अबू जुर्जीनं विचारलं. टेबल हसून हसून हललं.

"आधी पी, मग बोल," बुत्रोस शांतपणे म्हणाला.

"वाइन म्हणजे अर्ध्यात सोडलेला अरक," नख्ले म्हणाला. "तुम्ही लोक दमून मध्येच थांबता. आम्ही काम पुरं करतो."

पुन्हा सगळे हसले. बुत्रोसही हसला. पण नख्लेच्या समोरचा अरकाचा ग्लास तसाच होता. बर्फ वितळला, दुधासारखा रंग पातळ झाला, कडेनं माशी फिरायला लागली. त्यानं हात लावला नाही. कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, डॉक्टरनं बंद केलाय.

बुत्रोसच्या चार बाटल्या उरल्या होत्या. आठवड्यानं एका संध्याकाळी नख्लेनं त्यातली एक विहिरीत सोडून थंड केली. वीज दिवसातून दोन तास यायची, फ्रिजचा उपयोग कपाटासारखाच होता. बाटली वर आली, त्यानं मांडवाखाली बसून नेहमीचा छोटा ग्लास घेतला. एक भाग वाइन ओतली. त्यावर दोन भाग पाणी. आणि ग्लासाकडे बघत बसला.

"कशाची वाट बघतोयस?" मी विचारलं.

त्यानं ग्लास पाहिला, मला पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. पाणी पडलं की अरक दुधासारखा पांढरा होतो; पन्नास वर्षांच्या सवयीनं तो वाइनचंही दूध व्हायची वाट बघत होता.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"अबू जुर्जीला तर आत्ताच सांगून येते."

किती महिन्यांनी तो असा पोट धरून हसला. मग त्यानं ते पाणी झाडाला ओतलं आणि नुसती वाइन घेतली. घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतला.

"काय लागतं?" मी विचारलं.

"आंबट. गार. बाकी काही नाही."

"मग कशाला पितोस?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मुन्तहा, अरकाचा वास मला पाठ आहे. तो तोंडापाशी नेला आणि आला नाही की वाटतं, घरात पाय ठेवला आणि घरात कुणीच नाही. ह्याचा वास मला कधी ठाऊकच नव्हता. नाही आला तर नाही आला. परक्याच्या दारावर थाप मारल्यासारखं. मारून बघायची."

अशी ती सुरुवात झाली. बुत्रोसच्या बाटल्या संपल्या तसा नख्ले खालच्या रस्त्यावरच्या शिब्लीच्या दुकानात जायला लागला. शिब्लीचं दुकान म्हणजे साबण, सिगारेटी, मेणबत्त्या आणि मागच्या फळीवर दारू. नख्ले सरळ विचारायचा, "पांढऱ्यातली सगळ्यात स्वस्त कुठली?"

"आत्ताच्या भावानं की दुपारच्या?" शिब्ली म्हणायचा. त्या दिवसांत लिराचा भाव जेवण होईपर्यंत टिकत नव्हता.

"आत्ताच्या. मी दुपारपर्यंत जगेन की नाही काय माहीत."

"ही घे. ओबैदी द्राक्षाची आहे."

"ओबैदी?" नख्ले चकित झाला. "आपली ओबैदी? जिचा अरक होतो ती?"

"तीच. ही काय चंद्रावरून येते? तुमच्या भट्टीत शिरायच्या आधी हिला धरून बाटलीत कोंबलीय."

नख्ले ती बाटली कागदात गुंडाळून आणायचा, बायका औषध आणतात तशी. पण आमच्या आळीत काय लपतं? अबू जुर्जी कुंपणावरून डोकावायचा. "उम्म हबीब, तुझ्या नवऱ्याला विणकामाच्या सुयापण आणून दे गं. पांढरी वाइन पितो, आता मोजे विणेल."

"तुझ्यासाठीच विणतो," नख्ले म्हणायचा. "तोंडात घालायला."

स्वस्तातल्या पांढऱ्या सगळ्या सारख्या नसतात, हे आम्हाला हळूहळू कळलं. एक गोडसर होती, ती त्यानं दुसऱ्या घोटाला बाजूला ठेवली आणि मी सिरक्यासारखी सॅलडवर घातली. एक जिभेला चिमटा काढायची. एकीत बारीक बुडबुडे होते, त्या बाटलीला तो "ही चिडकी" म्हणायचा. एका बाटलीला बूच नव्हतं, नुसतं झाकण फिरवून उघडायची; तिच्यावर त्याचा विश्वासच बसेना, पण तीच त्याला सगळ्यात आवडली. बाटल्यांवरची नावं परक्या लिपीत. मला आपली अक्षरं चोपन्नाव्या वर्षी आली, शेजारच्या पाद्रीणबाईंनी, म्हणजे पाद्रीबाबांच्या बायकोनं, शिकवली. परकी वाचता येत नाहीत. म्हणून मी प्रत्येक रिकाम्या बाटलीच्या गळ्यात कागदाची पट्टी बांधायची आणि त्यानं सांगितलेलं लिहायची. आंबट, काही नाही. गोड, काही नाही. चिडकी, काही नाही. मागच्या भिंतीशी बाटल्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीच्या गळ्यात "काही नाही".

ऑगस्ट संपला. दरवर्षीप्रमाणे दमास्कसकडची नवी बडीशेप आली. अरकात ती लागते. मी दहा किलोचं पोतं घेतलं आणि नेहमीच्या जागी ठेवलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच.

सप्टेंबरमध्ये अबू जुर्जी सांगून गेला, "ऑक्टोबरचा पहिला रविवार. द्राक्षं पिंपात आंबतायत, झकास उकळतायत. सकाळी सहाला भट्टी पेटवतो. नाक धुऊन ये."

तो गेल्यावर मी नख्लेला म्हणाले, "सांग त्याला."

"सांगेन."

"कधी? कुणाचा पोरगा आंधळा झाल्यावर?"

हे मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मी काय जनावर आहे? नाक नाही आलं तर मी नळीखाली हात धरणार नाही. शनिवारी जाऊन सांगेन. सगळ्या अकरा घरांना जाऊन सांगेन. तोवर मला राहू दे."

मी त्याला राहू दिलं. पण त्या दिवसांत तो कल्हईची भांडी घासताना मी दारातून बघत राहायची. नवसागराचा पांढरा धूर त्याच्या तोंडावर यायचा. पूर्वी शिंकून बाजूला व्हायचा, शिव्या द्यायचा. आता तसाच उभा राहायचा.

आणि मग एका संध्याकाळी त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्यात बडीशेप आहे."

"कशात?"

"वाइनमध्ये. लिही. आंबट, बडीशेप."

मी बाटलीला नाक लावलं. मला तसं काही वाटलं नाही. त्याच्या ग्लासाला लावलं, तिथंही काही वेगळं नाही. पण त्याचं मन राखायला लिहिलं. दोन दिवसांनी दुसरी बाटली. "हिच्यातही बडीशेप." मग तिसरी, ती फिरक्या झाकणाची, त्याच्या आवडीची. "हिच्यातही!"

त्याला राग आला. अर्धी बाटली बगलेत मारून तो शिब्लीकडे गेला. मी मागोमाग गेले, भांडण होईल म्हणून.

"शिब्ली, तू मला भेसळ विकतोस."

"कसली भेसळ?"

"वाइनमध्ये बडीशेप घालतात. उरलेल्या अरकाच्या बाटल्या धुतात न धुतात आणि भरतात. तिन्हींत एकच वास."

शिब्लीनं बाटली उघडली, वास घेतला, सरळ तोंडाला लावून दोन घोट प्यायला. दुकानात साबण घ्यायला आलेल्या एका बाईलाही त्यानं वास घ्यायला लावला.

"बडीशेप येते का, बाई?"

"नाही बाई. द्राक्षाचाच येतो."

"अबू हबीब," शिब्ली जरा हळू आवाजात म्हणाला, "अरक सोडून चार महिने झाले ना? सोडलेल्याला असं होतं म्हणतात. माझा मेहुणा सिगारेट सोडल्यावर कपाटात धूर बघायचा."

नख्लेनं बाटली पुन्हा बगलेत मारली. परतीच्या चढावर दोनदा थांबला. दारापाशी येऊन म्हणाला, "नाक गेलं ते गेलं. आता खोटंही बोलायला लागलं. मुन्तहा, नसलेलं नाक बरं. खोटं नाक घेऊन कुणाच्या भट्टीपाशी बसायचं?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुढच्या रविवारी भट्टी. त्यानं ठरवलं, सोमवारीच अबू जुर्जीला सांगायचं.

रविवारी हबीब आणि सून जोसलीन थुरय्याला घेऊन जेवायला आले. जोसलीन बोलायला गोड, मला तांत म्हणते, म्हणजे मावशी, आणि नख्लेला अम्मो, म्हणजे काका. पोरीला पाणी पाजायचं म्हणून तिनं स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, एक ग्लास काढला, आणि तोंडापाशी नेऊन थांबली.

"तांत, हे ग्लास कसे धुता तुम्ही?"

"कसे म्हणजे? साबणानं. का?"

"केवढा बडीशेपेचा वास मारतोय. पोरगी पाणी नाही प्यायची."

तिनं दुसरा काढला, तिसरा काढला. "सगळ्यांनाच आहे. आणि हे काय, खाली पोतं?"

मी बघत राहिले. खालच्या खणात बडीशेपेचं पोतं. वरच्या खणात पालथे घातलेले ग्लास. दार बंद. लग्न होऊन आले तेव्हापासून पोतं तिथंच असतं. माझ्या सासूनं तिथंच ठेवलं, मी तिथंच ठेवलं, आणि अरक प्यायच्या ग्लासाला बडीशेपेचा वास आला तर कुणाला काय वाटणार? मला तो वास म्हणजे घराचाच वास. तो मला कधी आलाच नाही.

"तांत, काय झालं? रडताय का?"

"नाही गं. पोरीला इकडे दे. नको, थांब, तूच धर."

मी मागच्या दारानं पाद्रीणबाईंकडे धावले. त्यांच्याकडून दोन स्वच्छ काचेचे ग्लास आणले. त्या विचारत होत्या, "पाहुणे किती आलेत?" मी तोवर परत फिरले होते. घरी येऊन आदल्या दिवशीची वाइन तीन ग्लासांत ओतली. दोन पाद्रीणबाईंचे, एक आमच्या कपाटातला.

नख्ले मांडवाखाली हबीबशी बोलत बसला होता. मी म्हणाले, "डोळे मीट."

"का?"

"मीट म्हणते ना."

पहिला ग्लास नाकाशी धरला. "काही नाही." दुसरा धरला. "काही नाही. काय चाललंय हे, उम्म हबीब?" तिसरा धरला, आमचा.

"बडीशेप," तो वैतागून म्हणाला. "पुन्हा तेच. मला वेडा करायचंय का तुला?"

मी परत पहिला धरला. काही नाही. परत आमचा. बडीशेप. हबीब हसायला लागला, त्याला वाटलं आम्ही पोरीला खेळवतोय. मग मी कपाटातून रिकामा ग्लास आणला, कोरडा, थेंबभर वाइन नसलेला, आणि त्याच्या नाकाशी धरला.

त्याचे डोळे मिटलेलेच होते. त्यानं माझं मनगट धरलं आणि ग्लास जवळ ओढला, आणखी जवळ, काच त्याच्या मिशीला लागली.

"रिकामा आहे?" त्यानं विचारलं.

"रिकामा आहे."

"मग हा वास ग्लासाचा?"

"ग्लासाचा. खाली पोतं आहे. तुझं नाक खोटं बोलत नाही, नख्ले. आमच्या सगळ्यांच्या आधी त्यानं खरं सांगितलं."

त्यानं डोळे उघडले. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, कपाटाच्या खालच्या खणाशी गुडघ्यांवर बसला आणि पोत्यात तोंड खुपसलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बडीशेपेचे दाणे होते.

"जोसलीन," तो म्हणाला, "तुझ्या बापाला फोन लाव. म्हणावं, आणखी एक खोकं पाठव. पैसे देतो."

"अम्मो, तो तुमच्याकडून पैसे घेणार नाही."

"मग दोन पाठव म्हणावं."

तेव्हा आम्ही मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. हबीब रागावला, का लपवलं म्हणून. मग तोही हसला.

अर्थात एका बडीशेपेनं काम भागणार नव्हतं. पहिल्या धारेचा वास वेगळा असतो, बोचरा, रंगाच्या डब्यासारखा. तो सहा दिवसांत येईल की नाही, कुणाला ठाऊक? सोमवारी सांगायचं होतं ते नख्लेनं पुन्हा शनिवारवर ढकललं. नख्ले रोज पाद्रीणबाईंच्या ग्लासातून वाइन प्यायचा, म्हणजे प्यायचा कमी आणि हुंगायचा जास्त. मी पट्ट्या लिहायची. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी तो फिरक्या झाकणाची बाटली घेऊन बसला होता, आणि एकदम म्हणाला, "थांब. बोलू नकोस." मी हातातलं काम ठेवलं. "कोवळे बदाम. हिरवे. मीठ लावलेले. मुन्तहा, वसंतात गाडीवर मिळतात तसे!" मी वास घेतला. मला नुसती वाइन वाटली. पण मी लिहिलं. ती पट्टी अजून आहे.

शुक्रवारी त्यानं माझ्या पुढ्यात कल्हईचं भांडं तापवलं. नवसागर टाकला, धूर उठला, आणि तो शिंकून, शिव्या देत, चार पावलं मागे गेला.

रविवारी सकाळी अबू जुर्जीच्या अंगणात भट्टी पेटली. अकरा घरांची माणसं जमली होती. मी त्या दिवशी मुद्दाम गेले आणि नळीपासून दोन हात अंतरावर उभी राहिले. साडेआठच्या सुमाराला धार लागली. नख्लेनं तळहात धरला, चोळला, हुंगला.

"फेक."

पुन्हा. "फेक."

"अरे, किती फेकतोस?" अबू जुर्जी ओरडला. "घरदार फेकशील!"

"फेक म्हणतो ना."

सगळे थांबले होते. त्यानं पाचव्यांदा हात चोळले, नाकाशी नेले, आणि माझ्याकडे बघितलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी बघितलं नव्हतं तसं, सरळ.

"आता," तो म्हणाला. "आता भांडं लाव."

अबू जुर्जीनं भांडं सरकवलं. अंगणात पुन्हा बोलणं सुरू झालं, कुणी कोळशावर मांस टाकलं, कुणी भाकरी आणल्या. मी कुंपणापाशी जाऊन एका दगडावर बसले.

दुपारी पहिला अरक निघाला तेव्हा अबू जुर्जीनं भरलेला ग्लास नख्लेपुढे धरला. नख्लेनं वास घेतला, खूप वेळ घेतला, आणि परत दिला.

"डॉक्टरनं बंद केलाय," तो म्हणाला. ते खोटं होतं हे त्या अंगणात मला आणि त्यालाच माहीत होतं. घरी येऊन त्यानं स्वतःची पांढरी वाइन ओतली. पुढेही तीच प्यायला, कधीच महागातली घेतली नाही. शिब्ली विचारायचा, "जरा चांगली देऊ?" तर म्हणायचा, "ह्यांच्याशी ओळख झालीय. आता कशाला बदलू?" पोतं मात्र मी खालच्या खणातून काढून जिन्याखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात जोसलीननं एक डबा आणून दिला. थुरय्याची बाप्तिस्म्याची टोपी, तशीच न धुता ठेवलेली, पांढऱ्या कागदात. "अम्मोंना द्या," ती म्हणाली. "तेव्हा त्यांना आला नव्हता ना."

नख्लेनं कागद उलगडला. टोपी त्याच्या काळवंडलेल्या बोटांत फार लहान दिसत होती. त्यानं ती नाकाशी धरली. मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. ऊन मांडवावरून उतरेपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि मग कागद पूर्वीच्या घडीवर नीट मिटून त्यानं डबा कपाटात, खालच्या खणात ठेवला.

नख्ले त्यानंतर तिसऱ्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, झोपेत वारला. त्याचं वय बहात्तर होतं.